चाकांवरच्या होड्या

शिडं वाऱ्याने टम्म फुगलीयेत, होड्यांमध्ये शिरस्त्राणं घातलेले भालेवाले दाटीवाटीने उभे आहेत आणि होड्यांखाली पाणी नाहीचे, चाकं आहेत. चक्क गोल लाकडी चाकं. समोर त्सारग्राद, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. गोष्ट साल ९०७ ची. कीवचा राजा ओलेग चाल करून आला, ग्रीकांनी बंदराचं तोंड बंद करून घेतलं, तर या पठ्ठ्याने होड्या किनाऱ्यावर ओढल्या, त्यांना चाकं लावायला सांगितली, वारा मागून आला तशी शिडं उघडली आणि अख्खं आरमार शेतांतून शहराच्या दिशेने निघालं. ग्रीक घाबरले, खंडणी कबूल केली, संपलं. बखरीत आकडा दिलाय २००० होड्या आणि प्रत्येकीत ४० माणसं, म्हणजे ८०,०००, आणि हा आकडा कुणी शहाणा इतिहासकार मनावर घेत नाही.

हे चित्र ज्या हस्तलिखितात आहे त्याला रादझिविल बखर म्हणतात. ६०० च्या वर चित्रं आहेत त्यात. कागदाच्या जलचिन्हांवरून ती १४९० च्या दशकातली ठरते, पण मजकूर कितीतरी जुना आहे, आणि चित्रंही आधीच्या कुठल्यातरी सचित्र पोथीवरून उतरवलेली असावीत असं बहुतेक अभ्यासक मानतात. नाव पडलं ते मालकांवरून, रादझिविल हे लिथुआनियातलं बडं घराणं. त्यांच्याकडून पोथी केनिग्सबर्गच्या ग्रंथालयात गेली, पीटर द ग्रेटने तिथे ती पाहिली आणि १७१३ मध्ये स्वतःसाठी नक्कल करून घेतली, पुढे सप्तवार्षिक युद्धात रशियन फौजांनी ते शहर घेतलं तेव्हा १७६१ मध्ये मूळ पोथीच उचलून सेंट पीटर्सबर्गला नेली. तिथल्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात ती आजही आहे. (जाता जाता एक, ओलेगच्या काळातल्या कीवला 'रशियन' म्हणणं आज बऱ्याच लोकांना खटकतं आणि त्यांचं चूक नाहीये, युक्रेन, बेलारूस, रशिया तिघांचाही तो भूतकाळ आहे. म्हणून मी खाली 'रुस' म्हणतोय.)

आता हिशोब बघा. घटना ९०७ ची, बखर लिहिली गेली १२ व्या शतकाच्या सुरुवातीला, आणि आपल्यासमोरचं चित्र १५ व्या शतकाच्या शेवटाचं. चितारी आणि ओलेग यांच्यात जवळजवळ ६०० वर्षं. मग अशा चित्रावरून १० व्या शतकात होड्या कशा बांधायचे हे कसं काय कळणार? पहिला सरळ प्रश्न हाच पडतो, आणि तो पडायलाच हवा, कारण इंटरनेटवर ही चित्रं 'ही बघा वायकिंग काळातली जहाजं' म्हणून बिनधास्त फिरत असतात.

शिवाय या चित्रांची स्वतःची एक भाषा आहे. माणूस मोठा, होडी इवलीशी. चार डोकी काढली की सैन्य झालं, दोन बुरूज आणि एक दरवाजा काढला की शहर झालं, आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीत असतं ना तसंच, तिथेही कुणी सैन्यातली माणसं मोजत बसत नाही. त्यामुळे होडीत चार जण दिसतायत म्हणून ती चौघांची होडी असं म्हणता येत नाही. लांबी किती, रुंदी किती, पाण्यात किती बुडायची, यातलं काहीच या चित्रांतून निघत नाही, आणि कुणी पट्टी लावून काढायला बसला तर त्याला बसू द्यावं.

पण बरीच चित्रं एकामागून एक बघत गेलं की एक गंमत लक्षात येते. चितारी जिथे मुद्दाम काहीतरी दाखवायला जातो तिथे तो सपशेल गोष्ट सांगत असतो: चाकं, ग्रीकांनी फेकलेली आग, राजाचा रुबाब. आणि जिथे त्याचं लक्ष नाहीये, हात आपला सवयीने चाललाय, तिथे काहीतरी खरं सांडून जातं. होडीच्या अंगावर लांबीच्या दिशेने मारलेल्या रेघा घ्या. गोष्टीला त्या रेघांची काडीचीही गरज नाही. नुसती चंद्रकोर काढली असती तरी होडी आहे हे कळलं असतं. तरी तो त्या मारतो, कारण त्याने पाहिलेल्या होडीला फळ्या होत्या. म्हणजे ही होडी नुसता पोखरलेला ओंडका नाही.

आणि इथून खरा मजेशीर भाग सुरू होतो, कारण लिखित साक्ष नेमकी उलट दिसते. १० व्या शतकाच्या मध्यावर बायझंटाइन (म्हणजे वरच्या ग्रीकांचाच) सम्राट कॉन्स्टंटाइन सातवा याने आपल्या मुलासाठी राज्यकारभाराचं एक टिपण तयार केलं, त्यात रुस लोक त्सारग्रादला कसे येतात याचं वर्णन आहे आणि त्यांच्या होड्यांना त्याने शब्द वापरलाय मोनोक्सिला, एका लाकडाच्या. वर्णन इतकं बारीक आहे की असं वाटतं कुणीतरी तो प्रवास स्वतः केलेला माणूस समोर बसवून लिहून घेतलंय. स्लाव लोक हिवाळ्यात जंगलात झाडं तोडून होड्या कोरतात. बर्फ वितळलं की त्या जवळच्या तळ्यांत, तिथून नदीत सोडतात आणि कीवला आणून विकतात. विकतात ती नुसती खोडं. रुस लोक आपल्या जुन्या होड्या मोडतात, त्यांची वल्हं, वल्ह्यांच्या खुंट्या, बाकीचं सामान काढून नव्या खोडांवर चढवतात, आणि जूनमध्ये ताफा द्नीपर नदीतून खाली निघतो. वाटेत धबधब्यासारखे खडकाळ उतार. काही ठिकाणी लोक कपडे काढून पाण्यात उतरतात, पायाने खडक चाचपत होडी पुढे सरकवतात, तर सगळ्यात वाईट उताराला सामान उतरवून, साखळदंडातले गुलामसुद्धा उतरवून, होड्या ओढत नाहीतर खांद्यावर घेऊन जमिनीवरून नेतात. मग नदीच्या तोंडाशी एका बेटावर थांबून होड्यांना डोलकाठी, शीड आणि सुकाणू लावतात, जे त्यांनी सोबतच आणलेलं असतं. तोपर्यंतची नदीतली होडी तिथून पुढे समुद्रातली होते.

आता एका ओंडक्याच्या होडीत ४० माणसं आणि काळा समुद्र? इथे तिसरा साक्षीदार कामाला येतो आणि तो म्हणजे कायदा. रुसचा जुना कायदा, 'रुस्काया प्राव्दा', त्याच्या विस्तृत पाठात होडीचोरीसाठी भरपाई ठरवून दिलीये: चोरलेली होडी परत देता आली नाही तर समुद्री होडीचे ३ ग्रिव्ना (तेव्हाचं चलन), 'नाबोयनाया' होडीचे २, 'स्त्रुग'चा १, आणि साध्या 'चोल्न'चे थोडेसे सुटे पैसे. मला हा दंडाचा तक्ता कुठल्याही चित्रापेक्षा जास्त आवडतो. कायदा करणाऱ्याला सौंदर्याचं काही पडलेलं नाही, बाजारात कुठल्या होडीला किती मोल आहे एवढंच त्याला माहितीये. आणि त्यातली ती मधली नाबोयनाया, ती म्हणजे कोरलेल्या खोडाच्या दोन्ही कडांवर फळ्या ठोकून उंच केलेली होडी. तळ एका लाकडाचा, वरचं अंग फळ्यांचं. सम्राटाला वरून विचारलं तर 'एका लाकडाची', आणि चिताऱ्याने काठावरून पाहिली तर रेघारेघांची. दोघंही खरं बोलतायत.

बरं, खोड कोरायचं म्हणजे नुसतं आत खणायचं असंही नाही. उत्तरेकडे अगदी अलीकडेपर्यंत अस्पेनच्या झाडाची होडी करायचे त्याची पद्धत नोंदलेली आहे. बाहेरून आकार द्यायचा, आतून पातळ होईपर्यंत पोखरायचं, मग पाणी भरून आणि आच देऊन लाकूड मऊ करायचं आणि आडव्या काठ्या अडकवत अडकवत कडा हळूहळू बाहेर फाकवायच्या. गडबड केली की खोड उभं चिरतं आणि हिवाळ्याभराची मेहनत गेली. कडा फाकल्या की होडीची दोन्ही टोकं आपोआप वर उचलली जातात. चित्रांतल्या होड्या बघा, पुढचं टोक आणि मागचं टोक सारखंच, दोन्ही वर वळलेली. आपण म्हणतो चिताऱ्याची शैली. असेलही शैली, पण ती शैली त्याला कुठून मिळाली हा प्रश्न उरतोच ना.

ग्लेबच्या खुनाचं चित्रही असंच बघण्यासारखं. १०१५ मध्ये राजपुत्र ग्लेब होडीतून चालला होता, स्मोलेन्स्कजवळ मारेकऱ्यांनी त्याची होडी गाठली आणि त्याच्याच स्वयंपाक्याने सुरी चालवली. ग्लेब आणि त्याचा भाऊ बोरिस पुढे संत झाले, त्यामुळे हा प्रसंग पोथ्यांत आणि आयकॉनवर, म्हणजे संतांच्या पूजेच्या चित्रांवर, पुन्हा पुन्हा रंगवला गेला, आणि प्रत्येक वेळी होडी काढावीच लागली. धार्मिक चित्र असल्याने सगळं ठरलेलं, हात कुठे, मान कुठे. होडीबद्दल मात्र धर्माचं काही म्हणणं नव्हतं, त्यामुळे ती प्रत्येकाने आपापल्या डोळ्यासमोरची काढली असणार. ग्लेबचं प्रेत दोन ओंडक्यांच्या मध्ये टाकलं असं कथेत म्हटलंय, आणि कोरलेल्या खोडात माणूस पुरायची पद्धत डोक्यात ठेवली की ते वाक्य एकदम वेगळंच वाचलं जातं.

काही ठिकाणी तर मजकूरच चित्रासारखा आहे. ११५१ साली कीवच्या गादीवरून भांडण, इझ्यास्लाव विरुद्ध त्याचा काका यूरी, आणि द्नीपरवर होड्यांची लढाई. बखरकार सांगतो की इझ्यास्लावने होड्या अजब युक्तीने बनवून घेतल्या होत्या: वर फळ्यांचं छत, त्यावर चिलखतं घातलेले तिरंदाज, आणि वल्ही मारणारे खाली झाकलेले, त्यामुळे बाहेरून फक्त वल्ही हलताना दिसायची, माणसं दिसायचीच नाहीत. आणि सुकाणू धरणारे दोन, एक पुढे एक मागे, म्हणजे होडी न वळवता हव्या त्या दिशेला नेता यायची. आता दोन्ही टोकं सारखी असल्याशिवाय हे जमणारच नाही. जी गोष्ट चित्रात 'शैली' म्हणून आपण सोडून देत होतो ती इथे युद्धाची क्लृप्ती होऊन बसलीये.

चित्रांवर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न रीतसर मांडला तो आर्तेमी आर्त्सिखोव्स्की या पुरातत्त्वज्ञाने, १९४४ मध्ये, जुन्या रुस चित्रांकडे इतिहासाचं साधन म्हणून कसं बघायचं यावर त्याने एक अख्खा ग्रंथ लिहिला. तलवारी, टोप्या, नांगर, एकेक वस्तू घेऊन त्याने तपासलं की ही चिताऱ्याच्या काळातली, ही त्याच्या आधीच्या पोथीतली, ही नुसती कल्पना. आणि मला गंमत याची वाटते की नोवगोरोद या जुन्या रुस शहराचं प्रचंड उत्खनन चालवणाराही हाच माणूस, जिथे जुलै १९५१ मध्ये भूर्जाच्या सालीवरचं पहिलं पत्र सापडलं. म्हणजे आधी कागदावरच्या वस्तू तपासल्या आणि मग त्याच वस्तू चिखलातून बाहेर काढल्या.

नोवगोरोदच्या चिखलाला हवाच लागत नाही, त्यामुळे लाकूड कुजत नाही. तिथे होड्यांच्या फासळ्या मिळाल्या, वल्ही मिळाली, फळ्या मिळाल्या, मुलांच्या खेळण्यातल्या लाकडी होड्यासुद्धा मिळाल्या. बरेचसे तुकडे जुनी होडी मोडून रस्त्याला नाहीतर घराला वापरलेले, लाकूड टाकून द्यायची पद्धतच नव्हती. आणि मिळाले ते छोटे लोखंडी आकडे, अगदी बोटाच्या पेराएवढे. याचं काम समजून घ्या कारण हे कुठल्याही चित्रात दिसत नाही. दोन फळ्यांच्या सांध्यात शेवाळ ठासायचं, त्यावर लाकडाची बारीक पट्टी ठेवायची आणि ती पट्टी निसटू नये म्हणून ओळीने हे आकडे मारत जायचे. वरून पाइनचं डांबर. पाणी लागलं की शेवाळ फुगतं आणि सांधा घट्ट होतो. चिताऱ्याच्या एका रेघेत हे सगळं मावलंय: शेवाळ, पट्टी, आकडे, डांबर आणि ते मारत बसलेल्या माणसाची मोडलेली कंबर.

मग येतो १६ व्या शतकातला तो अवाढव्य प्रकार, इव्हान द टेरिबलने करवून घेतलेला सचित्र इतिहाससंग्रह. साधारण १५६८ ते १५७६, १० खंड, १६ हजारांहून जास्त चित्रं, जगाच्या उत्पत्तीपासून थेट इव्हानपर्यंत, आणि तरी अर्धवटच राहिला, शेवटच्या भागातली काही पानं तर नुसत्या शाईच्या रेघांची, रंग भरायचे राहूनच गेले. मला ती बिनरंगाची पानंच जास्त आवडतात, रेघ कशी चाललीये ते दिसतं. स्कॅन ऑनलाइन आहेत, बघायला बसलं की रात्र जाते. नोहाचं तारू आहे, ट्रोजन युद्धातली ग्रीकांची गलबतं आहेत, ओलेग परत एकदा आहे, आणि सगळे मॉस्कोच्या १६ व्या शतकातले लोक दिसतात. होड्यांपेक्षा इथे माझं लक्ष जातं सुतारांकडे. जिथे बांधकाम तिथे कुऱ्हाड. घर असो, चर्च असो, तारू असो, माणूस वाकून कुऱ्हाडीने लाकूड तासतोय.

हीसुद्धा सवयीने काढलेली गोष्ट, आणि शंभर टक्के खरी. तेव्हा फळी करवतीने कापत नसत. ओंडका पाचरी मारून उभा फोडायचा आणि मग दोन्ही बाजूंनी कुऱ्हाडीने तासून फळी काढायची. एका ओंडक्यातून दोन फळ्या, फार तर थोड्या जास्त, बाकी सगळा भुसा न होता ढलपे. ऐकायला उधळपट्टी वाटते, पण फोडलेली फळी धाग्याच्या रेषेत फुटते, धागा तुटत नाही, त्यामुळे ती वाकवली तरी मोडत नाही आणि पाणीही कमी पिते. करवतीची फळी स्वस्त पडते पण धागे आडवे कापले जातात. जंगल अफाट होतं तोवर कुणाला काही वाटलं नाही.

याच काळाच्या थोडं आधी, १४६९ च्या सुमारास, रशियातल्या त्वेर शहरचा एक व्यापारी आपल्या चौलला उतरला. अफानासी निकितिन. व्होल्गावर त्याच्या होड्या लुटल्या गेल्या आणि फिरत फिरत तो होर्मुझला पोचला, तिथून 'तावा' नावाच्या जहाजात घोडा घेऊन चौल, पुढे जुन्नर, बीदर. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. त्याच्या प्रवासाची टिपणं रशियन बखरींमध्येच उतरवून ठेवलेली म्हणून वाचली. होर्मुझची जहाजं लोखंडी खिळ्यांशिवाय, काथ्याने शिवलेली असतात अशी तक्रार मार्को पोलोने त्याच्या आधीच करून ठेवली होती. निकितिन जहाज कसं बांधलंय याबद्दल काही बोलत नाही, त्याला घोड्याची आणि रोजे कुठले पाळायचे याची चिंता जास्त. पण गंमत अशी की शिवलेली होडी त्याच्या देशालाही नवी नव्हती. पांढऱ्या समुद्राकाठचे पोमोर लोक आपले 'कार्बास' आणि बाकीच्या होड्या शिवायचेच, फक्त काथ्याऐवजी जुनिपर नाहीतर स्प्रूसची मुळं वाफवून त्याची दोरी करायचे. लोखंड महाग, आणि बर्फाची धडक बसली की शिवण थोडी देते, खिळा देत नाही.

चित्रावरून जहाज बांधायचा उद्योग आपल्याकडेही नुकताच झालाय म्हणून सांगतो. अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात एक जहाज रंगवलंय, ५ व्या शतकातलं, त्यावरून गोव्यात दिवाडीच्या बेटावर एक शिवलेलं जहाज बांधलं, केरळचे कारागीर, काथ्याची शिवण, 'कौंडिण्य' नाव, मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरच्या शेवटी पोरबंदरहून मस्कतला निघून पोचलंही. तेव्हा अडचण हीच होती, नकाशे नाहीत, मोजमापं नाहीत, पाण्याखालचा भाग तर चित्रात असणारच नाही. मग आकार चित्रातून, शिवण जिवंत कारागिरांच्या हातातून, आणि जहाज उलटणार तर नाही ना हे आयआयटी मद्रासच्या चाचण्यांतून. अजिंठ्याच्या चिताऱ्यालाही जहाज दाखवायचं नव्हतं, त्याला बुद्धाच्या काळातली गोष्ट सांगायची होती.

परत उत्तरेकडे. पांढऱ्या समुद्रातल्या सोलोवेत्स्की बेटांवरच्या मठाचे संस्थापक संत, झोसिमा आणि साव्वाती, त्यांच्या सचित्र चरित्रपोथ्या आहेत, १६ व्या शतकाच्या शेवटाच्या आणि त्यानंतरच्या. यात समुद्राशिवाय पान हलत नाही. भिक्षू येतायत होडीतून, वादळ होडीवर, मीठ आणि मासे होडीतून. या पोथ्यांतल्या होड्या मला वेगळ्या वाटतात, कारण मठाचा सगळा संसारच होडीवर चालायचा आणि चितारी बहुधा रोज बघत असणार. मॉस्कोच्या दरबारी चिताऱ्याचं तसं नाही.

आणि त्याहून पुढचं टोक म्हणजे मंगाझेया. सायबेरियाच्या उत्तरेला १६०१ मध्ये वसवलेलं व्यापारी ठाणं, फरच्या पैशावर भरभराटलं आणि त्याच शतकात ओसाड पडलं. तिथे १९६८ पासून काही वर्षं उत्खनन झालं तर घरांखाली जुन्या जहाजांची लाकडं निघाली आणि एका फळीवर कुणीतरी चाकूने कोरलेला 'कोच'. कोच म्हणजे बर्फाच्या समुद्रातलं जहाज, गोलसर पोटाचं, बर्फाने दोन्हीकडून दाबलं तर चिरडण्याऐवजी वर उचललं जावं म्हणून, अंगाला बर्फ घासतं तिथे जादा फळ्यांचं आवरण. १६४८ मध्ये रशियन दर्यावर्दी देझ्न्योव आशिया-अमेरिकेच्या मधून गेला तो याच जातीच्या जहाजांतून. फळीवर ते चित्र कोरणारा नक्कीच पोथीवाला नव्हता. हिवाळ्यात अडकून पडलेला कुणीतरी खलाशी किंवा सुतार असणार, त्याला ना संत दाखवायचे होते ना राजा, हातात चाकू होता आणि वेळ जात नव्हता.

पीटरला हे सगळं गावठी वाटायचं. त्याने हॉलंडमध्ये जाऊन स्वतः जहाजबांधणी शिकलेली, त्यामुळे १७१५ मध्ये अर्खान्गेल्स्कच्या लोकांना हुकूम गेला की जुन्या पद्धतीच्या होड्या बंद, नव्या युरोपी पद्धतीच्या बांधा. नंतर तोडगा असा निघाला की असलेल्या जुन्या होड्यांवर गरुडाचा शिक्का मारायचा, त्या मोडेपर्यंत वापरायच्या, नवीन बांधायच्या नाहीत. पोमोर मात्र कार्बास बांधत राहिले, पुढच्या शतकातसुद्धा. आणि हाच तो पीटर, ज्याने रादझिविल बखरीची नक्कल हौसेने करून घेतली होती, चाकांवरच्या होड्यांसकट.

सध्या माझं चाललंय ते सोलोवेत्स्की पोथ्यांची पानं मोठी करून फळ्यांच्या सांध्यांवर कुठे टाके काढलेत का ते शोधणं. रेघा भरपूर आहेत. टाका अजून एकही सापडलेला नाही.